राळ लावलेली खुंटी

दुधराम गहाणेच्या घराण्यात पाणी अडवण्याचं काम पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. नवेगाव बांधापासून तीन कोसांवर आमचं गाव. गावाच्या वरच्या अंगाला तलाव आहे, त्याची पाळ दुधरामच्या खापरपणज्यानं घातली असं सगळेच सांगत. ही कोहळी मंडळी. जमिनीचा उतार त्यांना आधी दिसतो, जमीन मग. दुधरामचे वडील पाळीवरून चालताना मध्येच थांबत आणि खेकड्यानं केलेल्या बिळात टाचेनं माती दाबून पुढे जात. दुधरामनं ती सवय उचलली होती. भोक दिसलं की बुजवायचं. १९४९ साली मी त्या गावच्या शाळेत रुजू झालो. नव्या गुरुजींना भेटायला म्हणून तो आला, तेव्हा बसायच्या आधी त्यानं कोपऱ्यातलं उंदराचं बीळ खापरीनं बंद केलं आणि मगच रामराम घातला.

मध्यम उंचीचा, भरल्या खांद्यांचा माणूस. बोलायला मोकळा, हसायला त्याहून मोकळा. दोष एकच, की आपण हसलो तर चार लोकांनीही हसावं असं त्याला फार वाटे, आणि त्यासाठी कधी कधी तो दुसऱ्या कुणाला तरी पुढे ढकलत असे.

त्याच्याकडे एक जीप होती. लढाई संपल्यावर सरकारनं मोडीत काढलेली, मिलिटरीची. बांधावरच्या मासळीच्या टोपल्या तो स्टेशनावर पोचवी, आणि बाजाराच्या दिवशी माणसं आणी-नेई. आसपासच्या दहा-बारा गावांत मोटार म्हणजे दुधरामची जीप.

पुढचं समजायला तलावाची एक गोष्ट सांगायला हवी. तलावाला पाळ असते, तशी एका टोकाला सलंग असते. सलंग म्हणजे जास्तीचं पाणी आपोआप वाहून जावं म्हणून सखल ठेवलेली, दगड लावलेली वाट. एखाद्याला लोभ सुटतो. आपल्या धानाच्या बांधीला चार दिवस जास्त पाणी मिळावं म्हणून तो सलंगीत ढेकळं टाकून ती उंच करतो. पाणी चढतं आणि पाळ जिथं कच्ची असेल तिथं फुटते. आमच्या गावात याला दंड नव्हता, मारही नव्हता. पाळीच्या कामाला सारा गाव जमला की त्या माणसानं मातीची एक टोपली डोक्यावर घेऊन यायचं, ती पाळीवर रिकामी करायची आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, "सलंग मी बुजवली." एवढंच. दुधराम लहान असताना त्याच्या वडिलांनी श्यामलाल नावाच्या एका शेतकऱ्याला ही टोपली घ्यायला लावली होती. श्यामलाल पुढे वीस वर्षं जगला, पण कुठल्याही बैठकीत दाराशीच बसला.

तर १९५४ च्या आषाढात दुधरामच्या जीपचं तेल गळायला लागलं. जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध एक लोखंडी गोळा असतो. इंजिनापासून आलेला दांडा त्यात शिरतो, आतल्या दात्यांच्या चाकांना फिरवतो आणि ती चाकं गाडीच्या चाकांना. त्या गोळ्याच्या पोटात दाट, उग्र वासाचं तेल असतं. दांडा जिथं शिरतो तिथून तेल बाहेर येऊ नये म्हणून चामड्याचा ओठ असलेली एक लोखंडी कडी बसवतात, तिला सील म्हणतात. दुधरामची सील झिजली होती.

ती बदलली जागेश्वरनं. हा ढिवरांचा मुलगा, राळ लावलेल्या डोंग्यातून, म्हणजे लहान नावेतून, बांधावर मासे धरणाऱ्यांच्या घरचा. लढाईत तो आसामकडे मोटारींच्या कारखान्यात होता. परत आला तो हत्यारांची एक पेटी घेऊन. बाजाराच्या दिवशी चिंचेखाली पेटी उघडून बसे. सायकल, कंदील, धान गिरणीचं इंजिन, काहीही दुरुस्त करी. बोलणं कमी. काम करताना जीभ दातांत धरी, एवढीच काय ती त्याची हालचाल नजरेत भरायची. मासळीचे ठेकेदार शालीकराम यांनी एक ट्रक घेतला होता, आणि दसऱ्यापासून जागेश्वरला त्या ट्रकावर कायमचा ठेवायचं त्यांच्या मनात होतं. त्याच्या घरी ही मोठी गोष्ट होती.

जागेश्वरनं नवी सील बसवली आणि गळती थांबली. आठ दिवसांनी जोराचा पाऊस झाला. स्टेशनच्या वाटेवरचा नाला दुधरामनं गाडी घालून पार केला. पलीकडे गेल्यावर खाली वाकून पाहिलं, तर त्या गोळ्याच्या वरच्या अंगाला, दोन चाकांना जोडणाऱ्या धुरीवर, बोटाच्या पेराएवढी एक टोपी होती आणि ती सैल, हलत होती. तिच्याखाली भोक. दुधरामला वाटलं, यातून नाल्याचं पाणी आत जाणार. भोक दिसल्यावर त्याच्या हातानं जे करायचं तेच केलं. घरी येऊन त्यानं टोपी काढली, सागाची बोटभर खुंटी तासली, तिला चिंधी गुंडाळली, गरम राळेत बुडवली आणि हातोडीनं ठोकून बसवली. आणि विसरून गेला.

पुढच्या पंधरवड्यात तेल पुन्हा गळायला लागलं, आधीपेक्षा जास्त. जिथं जीप उभी राही तिथं काळा डाग. लोकांना विषयच मिळाला.

"दुधराम, वाघाचा माग लागते तसा तुह्या गाडीचा लागते गा. काल तू सासरवाडीले गेलता ना?"

"माह्या दारात उभी नोको करू, बापा. आताच सारवलं आहे."

तो हसे, पण हे हसू त्याच्याकडून दुसऱ्याकडे जात नव्हतं, त्याच्यावरच राहत होतं. ते त्याला सोसेना. पोळ्याच्या आधीचा बाजार होता. गर्दी बरीच. दुधराम जीप सरळ चिंचेपाशी घेऊन गेला.

"काय बे जागेश्वर! नवी म्हणून जुनीच सील ठोकलीस काय?"

जागेश्वर उठून उभा राहिला. "नवी होती भाऊ. तुमच्यासमोर पुडीतून काढली."

"मंग तेल काऊन गळून राहिलं?"

"पायतो ना. वरती ते हवेची टोपी आहे, ते..."

"टोपी घाल तुह्या डोस्क्यात!" दुधराम लोकांकडे वळला. "डोंग्याले राळ लावनारा मानूस हा. याले मोटारीतलं काय समजते!"

बाजार हसला. मीही तिथं होतो, भाजीची पिशवी घेऊन. मी हसलो नाही, पण हसणाऱ्यांच्या तोंडाकडे पाहून मान हलवली, आणि माणूस मान हलवतो तेव्हा तो काय म्हणतो ते सगळ्यांना कळतं. जागेश्वरनं पेटीचं झाकण लावलं. त्यानंतर तो चिंचेखाली बसला नाही.

हे वाक्य लोकांना आवडलं, हे दुधरामला कळलं होतं. मग जिथं जिथं जीप जाई, तिथं तिथं तो ते पुन्हा सांगे. स्टेशनावर, गिरणीवर, पानाच्या ठेल्यावर. शाळेत येऊन मलाही सांगून गेला.

भाद्रपदात धानाची कामं थोडी हलकी होतात. दुधरामनं ठरवलं, आता आपणच सील बसवायची. गोंदियाहून नवी सील मागवली. अंगणात सालाचे दोन ओंडके टाकून गाडीचा मागचा भाग त्यांवर टेकवला, खाली धानाची तणस पसरली आणि आत शिरला. त्याची बायको शामकला हिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या दिल्या आणि तेल धरायला घमेलं दिलं.

"आंगनात एक थेंब पडला त तुह्या ताटात वाढीन," ती म्हणाली.

"वाढ. तिकट तरी लागन."

ओसरीवर त्याची आई देवकाबाई लाखोरीची डाळ पाखडत बसली होती. दुधरामनं गोळ्याच्या बुडाचा बोल्ट काढला, तेल घमेल्यात सोडलं, दांडा सोडवला, मोठा नट काढला. मग जागेश्वरनं बसवलेली सील काढायला गेला, तर ती हलेना. तो चहूबाजूंनी ठोकत राहिला. शेवटी छिन्नीनं कापून काढावी लागली. अर्धा दिवस गेला. हातात आल्यावर त्यानं ती पुसून उजेडात धरली. चामड्याचा ओठ मऊ होता, कुठं चिरलेला नव्हता. नवीच होती.

"मले तवाच समजलं होतं, गुरुजी," असं त्यानं मला फार वर्षांनी सांगितलं. "खराब बसवली असती त इतकी घट्ट कशी राहिली असती? पन मी ते कोनाड्यात पालथी ठेवून देल्ली."

नवी सील त्यानं जपून बसवली. लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोकत, वाकडी जाऊ न देता. हात चांगलाच होता त्याचा. दुसऱ्या दिवशी दुपारी नवं तेल भरून तो स्टेशनापर्यंत जाऊन आला. अंगणात गाडी उभी केली आणि खाली पळसाचं एक पान ठेवलं. शामकला, देवकाबाई आणि तो, तिघंही पानाकडे पाहत राहिले. थेंब पडला. थोड्या वेळानं दुसरा.

"माह्या हातानं बसवली, माय," दुधराम म्हणाला. "तरी येऊनच राहिलं."

देवकाबाईनं सूप खाली ठेवलं. "उभी राह्यते तवा गळते, का चालून आल्यावर?"

"चालून आल्यावर. तापल्यावर."

"तापल्यावर आतमंधी काय होते?"

"काय होनार? तेल पातळ होते. हवा फुगते."

"मंग ते फुगल्यावर जाते कोठी? याले सलंग ठेवली का नाई?"

म्हातारीनं जन्मात मोटारीखाली पाहिलं नव्हतं. तिला जे ठाऊक होतं त्यातूनच तिनं विचारलं. दुधराम उठला. तणशीवर आडवा होऊन पुन्हा आत शिरला. खुंटी तशीच होती, राळ दगडासारखी घट्ट झालेली. पकडीनं धरून त्यानं ती पिळत पिळत उपटली, तशी आतली कोंडलेली गरम हवा त्याच्या तोंडावर आली, फुस्स करून.

"साप आहे का काय?" शामकला हसली.

तो बाहेर आला तेव्हा हसत नव्हता. पळसाच्या पानावर ते दोनच थेंब होते, तिसरा पडला नाही. तळहातावर खुंटी होती. देवकाबाई त्या खुंटीकडे पाहत राहिली.

"कोनं बुजवली?"

त्यानं खुंटीवरची राळ नखानं खरवडली.

"कोनं बुजवली, मी पुसून राहिली."

"मीच."

म्हातारीनं सूप उचललं. चार-दोन वेळा पाखडलं आणि डाळीकडेच पाहत म्हणाली, "तुह्या बापानं श्यामलालले पाळीवर उभं केलं होतं."

जुनी टोपी रॉकेलमध्ये धुऊन, तिच्यातला चिखल काडीनं काढून, दुधरामनं ती जिथली तिथं बसवली. तेल थांबलं. आणि इथं त्याच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दहा-बारा दिवस सुरू झाले. कारण लोक त्याची वाहवा करू लागले.

"जागेश्वरले जमलं नाई ते दुधरामनं घरी बसून केलं!"

तो नाही म्हणाला नाही. होही म्हणाला नाही. फक्त चहा प्यायला. खुंटी खिशात होती. पहिल्या बाजाराला तो गेला, जीप लांब उभी केली आणि चिंचेच्या बाजूला फिरकला नाही. पुढच्या बाजारी सांगू, असं त्यानं मनाशी म्हटलं. त्याच आठवड्यात शालीकरामांनी ट्रकासाठी गोंदियाचा माणूस ठेवला. दसऱ्याची वाट पाहिली नाही.

हे दुधरामला स्टेशनावर कळलं. तो घरी आला, जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजार होता. सकाळी तो तलावावर गेला आणि सलंगीजवळची माती खणून टोपली भरली.

टोपली डोक्यावर घेऊन पायी बाजारात शिरणारा दुधराम मी पाहिला आहे. जीप आणली नव्हती. लोकांना आधी गंमतच वाटली.

"माती काय भाव, दुधराम?"

"मोटार विकली काय गा? आता डोक्यानंच भाडं मारतेस?"

तो चिंचेपाशी थांबला. जागेश्वरची जागा रिकामी होती. जागेश्वर समोर मासळीच्या ओळीत, आईच्या टोपलीमागे उकिडवा बसला होता. दुधरामनं चिंचेखालच्या खड्ड्यात माती ओतली. त्याच्या कानशिलांवरून मातीचे ओघळ आले होते. रिकामी टोपली पालथी घालून तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"आयका गा. जागेश्वरनं सील नवी बसवली होती. चांगली बसवली होती. गाडीची हवेची वाट मी बुजवली. राळ लावून. मी बुजवली."

मग मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजे राळ लावनारा हाच निंगाला का!" आणि बाजार हसला. तोच बाजार, तसंच हसणं. दुधराम खाली मान घालून उभा राहिला. मग मासळीच्या ओळीत गेला आणि खुंटी जागेश्वरच्या पुढे धरली.

जागेश्वरनं ती घेतली, फिरवून पाहिली, वास घेतला.

"राळ बरी लावली भाऊ. डोंगा असता त बुडला नसता."

खुंटी त्यानं दुधरामच्या हातात परत दिली आणि गिऱ्हाइकाकडे वळला. "घ्या बाई, मरळ आहे. आताची धरलेली."

जिथं जिथं तेलाचा डाग पडला होता तिथं तिथं आपण ते वाक्यही टाकून आलो आहोत, हे दुधरामला ठाऊक होतं. पुढचे पंधरा दिवस तो त्या सगळ्या ठिकाणी गेला. स्टेशनावर, गिरणीवर, ठेल्यावर. काही ठिकाणी लोकांना मूळ गोष्टच आठवत नव्हती, म्हणून आधी ती सांगावी लागे आणि मग ती खोटी होती हे सांगावं लागे.

माझ्याकडेही आला. मधली सुट्टी होती. दारातच उभा राहून म्हणाला, "गुरुजी, जागेश्वरबद्दल मी तुमाले सांगतलं होतं, ते खोटं होतं."

मी म्हणालो, "मला तेव्हाही खरं वाटलं नव्हतं."

त्याचा चेहरा थोडा सैल झाला. तो गेला. आणि मी खडू हातात घेऊन उभा राहिलो. मला ते खरं वाटलं होतं. एवढंच नाही, शालीकरामांचं पत्र लिहून द्यायला मी त्यांच्या ओसरीवर गेलो होतो तेव्हा, काही विषय नव्हता म्हणून, ते वाक्य मीच त्यांच्या कानावर घातलं होतं. आपण एवढ्याशा टोपीवरून एका माणसाचं पोट बुडवलं असं दुधराम समजत होता. त्या टोपलीतली निदान ओंजळभर माती माझी होती. ती मी कधीच कुठं ओतली नाही.

कार्तिकात एके सकाळी जागेश्वर दुधरामच्या अंगणात आला. सरळ जीपखाली शिरला, टोपी बोटानं हलवून पाहिली, सीलच्या कडेनं अंगठा फिरवला.

"सील चांगली बसवली," तो बाहेर येऊन म्हणाला.

हात धुताना त्याला कोनाड्यातली जुनी सील दिसली. त्यानं ती उचलली. छिन्नीचा काप पाहिला.

"कापावं लागलं काय?"

"निंगतच नव्हती," दुधराम म्हणाला. "अर्धा दिवस गेला."

"हं."

त्यानं सील परत ठेवली, उताणी, चामड्याचा ओठ वर करून. देवकाबाई चहाला बस म्हणाली तेव्हा म्हणाला, "नाई माय. उद्या बालाघाटले जाऊन राहिलो. खदानीत ट्रका आहेत, तिथं काम लागलं. एवढी पेटी स्टेशनापर्यंत नेसान का, भाऊ? जड आहे."

दुसऱ्या दिवशी दुधरामनं त्याला आणि पेटीला स्टेशनावर सोडलं. वाटेत नाला होता. पाणी आता घोट्याएवढंच होतं. उतरल्यावर जागेश्वरनं सवयीनं वाकून गाडीखाली पाहिलं. दुधरामही वाकला. जमीन कोरडी होती.

"नाई गळत," जागेश्वर म्हणाला.

"नाई."

आगगाडी आली. पेटी वर चढवायला दुधरामनं हात लावला.

ती जीप दुधरामनं पुढे बरीच वर्षं चालवली. खुंटी किल्लीच्या दोरीला बांधलेली असे. कुणी विचारलं तर सगळं सांगे, एक शब्द न गाळता. माझ्या निरोपाच्या दिवशी मला तोच स्टेशनावर सोडायला आला होता. उतरल्यावर मी वाकून गाडीखाली पाहिलं. का पाहिलं, हे त्याला बरोबर समजलं.

"जागेश्वर गेला त्या दिसी एक थेंब तरी पडाले पायजे होता, गुरुजी," तो म्हणाला. "त्याले थांब म्हनाले निमित्त झालं असतं. कोरडं पाहून त्यानं पेटी उचलली. मले वर पायताच नाई आलं."

मी म्हणालो, "दुधराम, मला तुला एक सांगायचं आहे." तेवढ्यात गाडीनं शिटी दिली, आणि त्यानं माझी वळकटी खांद्यावर घेतली.